उजवं कोपर, सहा हप्ते

हॅलो?… हो कोकिळाबाई, मीच, रेणुका. बोला… नाही, झोपले नाहीत तुमचे भाऊ. बाजीवर बसून मले शिव्या देऊन राह्यले. वडनेरापर्यंत ऐकू येत नाही का?

काय?… अव, कोनं सांगतलं सारं रक्त काढून घेतलं म्हनून? एक सुई भरून काढलं, बस. खामगावच्या डॉक्टरनं ते मशीनमधी गरगर फिरवलं, वर पिवळं पानी आलं, अन् तेच कोपरात टोचलं. आपल्याच रक्तानं आपली फाटलेली नस भरते म्हने… हो, हो… अव ऐका ना! अशक्तपना कायचा? आत्ताच डाव्या हातानं ताट भिरकावलं माह्या अंगावर. सारं वरन भिंतीले.

दुखते त, हो. चौथा दिवस हाय… नाही, गोळी नाही देत… नाही म्हनजे नाही! डॉक्टरनं मलेच बजावलं, दुखन्याची गोळी देल्ली त इंजेक्शन वाया जाईन. सूज राहू द्या, सुजेनंच भरते. अन् सहा हप्ते त्या हातानं काहीच उचलाचं नाही…

काय म्हनल्या?… मी मुद्दाम छळते? बाई, तोंड सांभाळा! एसटीत त्यायचा हात मांडीवर घेऊन खामगावले कोन गेलं? तुम्ही?

विहिरीची मोटर?… नाही उचलली कोनी मोटर. ते मी डॉक्टरले खोटं सांगतलं, तुमच्या भागवतची लाज झाकाले. खरं ऐकाचं?… ऐका. भाकर करपली. एवढंच. केस धरून उठवलं मले, अन् मारासाठी हात असा मागून आनला… मी खाली बसली. कोपर सरळ चौकटीच्या दगडावर. अर्धी नस फाटली.

हो, नवराच हाय माहा. म्हनून त नेलं दवाखान्यात… नाही, सध्या नाही मारत. कायनं मारतीन? चार दिवसांपासून पाठ टेकून झोपून राह्यली मी, बाई. अकरा वर्षांत पह्यल्यांदा. अन् तुम्ही इच्चारता, हात कधी बरा होईन! बरा झाला का कोनाच्या पाठीवर पडन तो? तुमच्या?…

थांबा… उठले. इकडंच येऊन राह्यले… ओ, बसा तिकडं! गोळी नाही भेटत म्हनलं ना… फोनवर तुमची बहीन हाय… आई गं! केस सोडा… सोडा म्हनते ना!… डाव्या हातानंबी?… सोडता का नाही?… सोडता का—

…

हॅलो… हो, हाय मी. फोन खाली पडला होता… तो आवाज? तुमच्या भावाचा. कोपर धरलं म्या. तेच, इंजेक्शनवालं. दोन्ही हातांनी पिळलं, वल्लं धोतर पिळते तसं. गुडघ्यावर आले खाली. आता एका हातानंच पुरते… नाही. नाही सोडत.

फाटली त फाटू द्या! भराले मीच नेलं होतं ना?… ओ, चूप! हलले त अजून पिळीन… ऐकलं का बाई, पाया पडतो म्हनून राह्यले मले. तुमचा वाघ.

हो, जीव जाईन त जाईन! माहा गेला नाही का रोज थोडा थोडा?

रडू नका, कोकिळाबाई. दिवाळीत बेल्टानं मारून राह्यले होते मले, तवाबी तुमचा फोन चालू होता. आठवते?… मी वरडत होती, बाई, सांगा हो तुमच्या भावाले, बाई, सांगा हो. अन् तुम्ही काय केलं?… बोला ना… काय केलं तुम्ही?…

ठेवून देल्ला.

ठेवते मी.