शेजारचा ब्रेक

मास्तर : ते मला काही सांगू नकोस. गाडी थांबली नाही म्हणजे नाही. गेल्या वेळी तू घातलेले ब्रेकचे पॅडच भिकार होते.

मेकॅनिक : मास्तर, जास्त टिकतील असे घाल, हे तुम्हीच म्हणाला होतात. शिकाऊ माणसं सारखी ब्रेकवर पाय ठेवून चालवतात, म्हणून कडक पॅड घातले. ते थंड असताना पकडायला जरा वेळ घेतात. तेव्हाच बोललो होतो मी.

मास्तर : जरा वेळ? अरे, काल शाळेतली पोरगी सायकलवरून समोर आली. आमच्याकडे गाडी शिकणाऱ्या नर्सबाईंनी घाबरून ब्रेकऐवजी क्लच दाबला. अशा वेळेसाठीच शेजारच्या सीटपाशी माझा दुसरा ब्रेक असतो ना? मी दाबला. पुरता दाबला. तरी गाडी सरकत गेली ती गेलीच!

वहिनी : नशीब थोर, सायकलच चेपली. पोरीचा नुसता गुडघा सोलवटला.

मेकॅनिक : अरे बापरे.

वहिनी : आणि यांनी त्या नर्सला भर रस्त्यात इतकं झाडलं, की ती रडत घरी गेली. पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही म्हणाली.

मास्तर : मग काय आरती ओवाळायची तिची? ते सोड. हे बघ, सगळ्यात जोरात धरतील असे पॅड दे. टायर पण रुंद घाल.

मेकॅनिक : रुंद टायर घालून काय होणार? ओल्या रस्त्यावर उलट पाण्यावर तरंगतील. माप कंपनीचंच ठेवू, रबर मऊ घेऊ. तुमच्या टायरच्या खाचा खोल आहेत अजून, पण रबर वाळलंय. हे बघा, नख रुतत नाही.

मास्तर : बघ! मी म्हणत नव्हतो?

मेकॅनिक : पण मास्तर, पॅड खोलून बघितले मी. अर्ध्याच्या वर शिल्लक आहेत. डिस्क पण साफ आहे. मऊ पॅड घातले तर फरक पडेल, नाही असं नाही. पण सरकतच गेली म्हणताय, तेवढा काही पडायचा नाही.

मास्तर : तू घाल. लवकर झिजले तर झिजू देत. उद्या सकाळी सातला मला तीन जणांना घेऊन रस्त्यावर जायचंय.

वहिनी : हे सगळं घातलं की थांबेल ना हो गाडी?

मास्तर : न थांबायला काय झालंय?

वहिनी : तसं नाही, पण डॉक्टर तुमच्या पायाचं काहीतरी...

मास्तर : इथे पायाचा काय संबंध? जिथे तिथे तुझं ते डॉक्टरपुराण! लाग रे तू कामाला.

(टायर आणि पॅड बसवून झाले आहेत. मास्तर शेजारच्या सीटवर, वहिनी स्टिअरिंगवर, मेकॅनिक गाडीच्या मागे.)

मेकॅनिक : वहिनी, पॅड नवे आहेत. पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. दाबा, सोडा. दाबा. हां, मागचा ब्रेकचा दिवा लागतोय. घट्ट झालं?

वहिनी : झालं.

मेकॅनिक : आता पाय काढा. मास्तर, तुमचं पेडल दाबा.

मास्तर : दाबलं.

मेकॅनिक : दाबा ना.

मास्तर : अरे, दाबलंय! याहून काय उभा राहू त्याच्यावर?

मेकॅनिक : मागचा दिवा लागत नाहीये.

मास्तर : मग दिवा गेला असेल.

मेकॅनिक : आत्ता तर वहिनींनी दाबलं तेव्हा लागला.

मास्तर : म्हणजे दोन पेडलांना जोडणारी केबल तुटली! तेच झालं असणार काल. आणि मी उगाच पॅडला शिव्या देतोय. अरे, केबल बघ आधी, केबल!

वहिनी : अहो.

मास्तर : थांब गं. त्याला केबल बघू दे.

वहिनी : अहो, खाली बघा.

मास्तर : काय बघू?

वहिनी : तुमचा पाय पेडलवर नाहीये. बाजूला मॅट दाबताय तुम्ही.

मास्तर : ...सरकला असेल.

वहिनी : सरकला नाही. ठेवलात तोच तिथे. मी मघापासून बघतेय.

मास्तर : असं कसं? मी जोर लावत होतो. पार मांडीपर्यंत जोर लागत होता. थांब, आता बघून ठेवतो. हं! लागला का रे दिवा?

मेकॅनिक : लागला, मास्तर.

मास्तर : बघ! लागला की!

वहिनी : पायाकडे बघितलंत म्हणून लागला. उद्या रस्ता बघायचा की पाय?

मेकॅनिक : मी... जरा पाना ठेवून येतो आत.

मास्तर : त्याच्यासमोर बोलायची काही गरज होती?

वहिनी : होती. परवा बादलीतल्या कढत पाण्यात पाय घालून बसलात, मी किंचाळले तेव्हा बाहेर काढलात. फोड आले, तरी म्हणता पाणी कोमट होतं. घरातल्या घरात मी झाकून घेतलं सगळं. रस्त्यावर काय झाकू? ती पोरगी चाकाखाली गेली असती तर?

मास्तर : पुरे.

वहिनी : नाही पुरे. मला भीती वाटते हो. सकाळी तुम्ही गाडी घेऊन गेलात की परत येईपर्यंत माझा जीव टांगणीला असतो.

मास्तर : ...मला कालच शंका आली होती.

वहिनी : काय?

मास्तर : दाबला तेव्हा पायाखाली काहीच लागलं नाही. पेडल नाही, काही नाही. म्हटलं, पॅड संपले असतील. रात्रभर तेच घोकत होतो. एक जरी पॅड खराब निघाला असता ना, देवाला नमस्कार केला असता मी. आणि त्या बिचारीला काय काय बोललो!

वहिनी : हो. बोललात खरे.

मास्तर : सातची माणसं आहेत. त्यांना काय सांगायचं?

वहिनी : शेजारी मी बसेन. शिकवण्याचा परवाना माझ्याकडेही आहे, तो काही कपाटात ठेवायला नव्हता काढला.

मास्तर : तू? तू कधी कुणाला शिकवलंयस?

वहिनी : इतकी वर्षं ऑफिसच्या खिडकीतून तुमचं ओरडणं ऐकतेय. पाठ झालंय.

मास्तर : आणि मी काय करू? भाजी निवडू?

वहिनी : निवडा की. मला वैताग आलाय तिचा. आणि पायाची चाचणी करून घ्या, डॉक्टर कधीचे सांगतायत. चला, उतरा आता. मागे बसा.

मास्तर : मागे? आपल्याच गाडीत?

वहिनी : तुमचा पाय तिथे असला की मला वाटत राहतं, तुम्ही दाबाल. आज मला एकटीला गाडी थांबवू द्या.

मास्तर : ...दार धर जरा. हं. बसलो.

वहिनी : घरी घेऊ?

मास्तर : नको. आधी त्या नर्सबाईंकडे.

वहिनी : बरं.

मास्तर : आणि नवे पॅड आहेत, एकदम जोरात दाबायचं नाही. पहिले काही दिवस अंदाज घेत घेत. पुढच्या गाडीपासून लांब राहा.

वहिनी : हो.

मास्तर : निघायच्या आधी आरशात बघितलंस?

वहिनी : बघितलं. तुम्हीच दिसताय.