चार जेम्स स्लेटर

एल्स्पेट : तेच ते किती वेळा सांगू, रॉनल्ड? माझ्या बाबांचं नाव त्या स्मारकावर नको. बुडालेल्यांच्या दगडावर 'स्लेटर' दिसलं की गाव पुन्हा कुजबुजायला लागेल.

रॉनल्ड : एल्स्पेटकाकू, पाथरवट उद्या सकाळी छिन्नी लावतोय. पाच मिनिटं ऐका, मग खुशाल हाकलून द्या.

एल्स्पेट : बोल. मास्तर निवृत्त झाला तरी बोलायचा थांबत नाही.

रॉनल्ड : स्मारकाची यादी करताना कुठला स्लेटर कुणाचा, हे लावायला बसलो. दोन वर्षं झाली, स्कॉटलंडभरचे स्लेटर धुंडाळतोय.

एल्स्पेट : मेअरांच्या पोराला आमची उठाठेव कशाला? तुझा पणजोबा वादळात बुडत होता आणि माझ्या आजोबांनी होडी वळवली, त्याला तसाच सोडला. तुझ्याच वडिलांनी गावच्या इतिहासात छापलंय.

रॉनल्ड : बाबांनी फक्त कोर्टाच्या चौकशीचे कागद पाहिले. सन अठराशे सत्तर, 'जेम्स स्लेटर, होडीचा तांडेल'. बस, एवढंच. काकू, त्या साली आपल्या गावात जेम्स स्लेटर चार होते.

एल्स्पेट : असणारच. थोरल्या मुलाला आजोबाचं नाव, म्हणजे चार भावांकडे चार जेम्स. म्हणून तर टोपणनावं. आमचं घर बॉबिन.

रॉनल्ड : शहरातल्या कारकुनाला टोपणनाव लिहिण्यात कमीपणा वाटला. आपल्या पाद्र्याला मात्र इथंच दिवस काढायचे होते, तो लिहायचा. ही लग्नाच्या नोंदीची नक्कल. वादळाचाच दिवस.

एल्स्पेट : चष्मा कुठं टाकला कोण जाणे. तूच वाच.

रॉनल्ड : 'साक्षीदार : जेम्स स्लेटर, बॉबिन. वधूचा भाऊ.' खाली त्यांची सही.



एल्स्पेट : आजी हेच सांगायची. 'तो त्या दिवशी बहिणीच्या लग्नात नाचत होता, मी होते तिथं.' मी नऊ वर्षांची. तुझ्या वडिलांचं पुस्तक नुकतंच आलेलं, शाळेत माझ्या बाकावर कुणी बसेना. मीच तिला म्हटलं, नवऱ्यासाठी खोटं बोलू नकोस.

रॉनल्ड : छापलेल्यापुढे म्हातारीचं कोण ऐकतं? आणि तोवर लग्नाला आलेले बाकीचे सगळे मातीत गेले होते.

एल्स्पेट : मग होडी वळवली कुणी?

रॉनल्ड : जेम्स स्लेटर, डोसी. उरलेल्या तिघांत तांडेल तोच होता. पुढच्या वर्षी एकटाच कॅनडाला गेला. त्याच्या होडीत पाणी भरत होतं म्हणे. खरंखोटं तो जाणे.

एल्स्पेट : माझ्या बाबांना इथं कुणी होडीवर घेईना. परक्या गावच्या होडीवर गेले ते परत आलेच नाहीत.

रॉनल्ड : चूक माझ्या बाबांची. ते नाहीत, म्हणून मी माफी मागतो. रविवारी चर्चमध्ये हे वाचून दाखवणार आहे.

एल्स्पेट : मोठ्यानं वाच. आम्ही शेवटच्या बाकावर बसायचो, तिथं काही ऐकू येत नाही.

रॉनल्ड : रडताय?

एल्स्पेट : माझं मलाच कळेना. साठ वर्षं छातीवर धोंडा होता रे, उतरला. बस, चहा टाकते. या घरात मेअरांपैकी कुणी चहा प्यायलेलं नाही. आणि पाथरवटाला सांग, अलेक्झांडर स्लेटर. पुढे बॉबिन घालायला विसरू नको म्हणावं.

रॉनल्ड : सांगतो. काकू, दुसरा साक्षीदार राहिला. 'इसाबेल, जेम्स बॉबिनची बायको.' सही नाही, फुली आहे.

एल्स्पेट : आजीला लिहिता येत नव्हतं. आण इकडे. फुली मला चष्म्याशिवाय दिसते.