कटलेटपावासाठी काढलेली माळ

नगरच्या स्टँडावर पाथर्डी गाडीच्या रांगेत गोजरबाईपुढं दोघं दोस्त कुजबुजत होते. तिचे कान तिकडंच लागले होते.

"बन्सी, आज भिंगारातली तिन्ही दुकानं पालथी घातली. कटलेटपाव कुनाचा भारी?"

"बेकरीवाल्याचा! खिमा लई झनझनीत. पन छगन, माझी तुळशीची माळ कुठंय?"

"खिशात बाटंल म्हनून तूच यशयाच्या गळ्यात घातलीस की. त्यानं वरनं चार कटलेट हानले."

"आरं, घरी म्हातारा आधी माझा गळा बघतोय! यशया कुठं गेला?"

"पास्टरसाहेबांची पोरगी बघायला."

"माळ घालून?"

गाडी लागली. दोघं उलटे भिंगारकडं पळाले. गोजरबाईनं पिशवी काखंत मारली.

"आवो पावनं, थांबा! मी बी येते!"