एकट्याची बायको

रामकृष्ण हरी, मंडळी! या, पुढे सरका. खांबाला टेकून बसलेल्यांनी टेकूनच ऐका, पण घोरू नका हं — पेटीवर आमचे गजाननराव आहेत, ते घोरण्यालासुद्धा साथ देतात! हसलात? बरं झालं. आता कान इकडे द्या.

आजचा प्रश्न साधा आहे. ज्याच्यामुळे आपलं बरं चाललंय, त्याला चारचौघांत ओळख दाखवायला आपली जीभ का अडखळते? का हो? सकाळी देवापुढे गंध लावायचं, हात जोडायचे — आणि ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरताना रुमालाने हळूच पुसायचं! कुणी विचारलंच तर, "काही नाही सर, डास चावला." देवाचा डास केलात की राव! बरं, प्रेम नाही असंही नाही. प्रेम आहे! फक्त ते साहेबांना कळता कामा नये! असलं प्रेम देवाला चालतं का? माणसाला चालतं का? ऐका. हे आख्यान पुराणातलं नाही, अलीकडचंच आहे.

पुण्यात एक गायक होता. सुमेध पोतनीस त्याचं नाव, मूळचा कराडचा. गायचा काय? तर अल्टरनेटिव्ह पॉप! घाबरू नका, मीही घाबरलो होतो. पुतणीला विचारलं, हे काय असतं गं? ती म्हणाली, "काका, ज्या गाण्यावर नाचता येत नाही आणि धड रडताही येत नाही, नुसतं खिडकीबाहेर बघत बसता येतं — ते!" आणि हा इंडिपेंडंट होता. म्हणजे? डोक्यावर कंपनी नाही, मालक नाही. स्वतः लिहायचं, स्वतः चाल लावायची, स्वतः गायचं, आणि स्वतःच आईला फोन करून विचारायचं, "ऐकलंस का?"

रेकॉर्डिंग कुठे करायचा माहीत आहे? कपाटात! खोटं नाही सांगत. गोधड्या-चादरी भोवती असल्या की आवाज घुमत नाही म्हणे. एकदा आई गावाहून आली, तिने शाल काढायला कपाट उघडलं — आणि आत पोरगा! डोळे मिटलेले, कानावर हेडफोन, तोंडाने, "तू गेलीऽऽस…" माउलीने अशी किंकाळी फोडली की ती गाण्यात आली. त्याने ती गाण्यात ठेवली. त्यालाच अल्टरनेटिव्ह म्हणतात!

तेच गाणं चाललं बरं का! "तू गेलीस आणि पंखा फिरत राहिला." लाखो पोरांनी ऐकलं, उशा भिजवल्या. आता मी विचारतो, गेली कोण? अहो, कुणी आलंच नव्हतं, तर जाणार कोण! हा बिचारा सकाळी पोहे खायचा, दुपारी झोपायचा. पण गाणं असं लिहायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, याचं काळीज सात ठिकाणी फाटलंय. त्याने नाव घेतलं 'एकटा'. पोस्टरवर काळा सदरा, खाली मान, अन् मोठ्या अक्षरांत — एकटा! मागे वाजवायला तिघे. म्हणजे एकटा मिळून चौघे!

आता गोपींचा विरह बघा. तो खरा होता, कारण कृष्ण आधी अंगणात नाचला होता, शिंक्यातली मडकी फोडून लोणी खाऊन गेला होता! ज्याने लोणीच खाल्लं नाही, त्याच्या नावाने गळा काढायचा म्हणजे… असो. गजाननराव, मान हलवू नका, तुम्हालाही ते गाणं आवडतं, मला माहीत आहे!

तर पुढे काय झालं? सुख आलं! दुःख विकणाऱ्याच्या दारात सुख येऊन उभं राहिलं. घरच्यांनी मुलगी दाखवली. मंजिरी तिचं नाव, कराडचीच, दातांची डॉक्टर. हा आयुष्यभर ओठ मिटून फोटो काढणारा, आणि हिचा धंदाच लोकांना तोंड उघडायला लावायचा! पहिल्याच भेटीत ती म्हणाली, "तुमची गाणी ऐकली. एवढं काय झालंय तुम्हाला?" हा म्हणाला, "खरं सांगू? काहीच नाही!" आणि दोघं पोट धरून हसली. ठरलं लग्न!

त्याचा एक मॅनेजर होता, तन्मय. त्याला कळलं तर तो डोकं धरून खालीच बसला. "लग्न? तू? अरे, लोक तुझ्या एकटेपणावर जगतात! बायको दिसली की संपलं सगळं!" सुमेधला पटलं. बघा हं, मालक नको म्हणून कपाटात बसून गायला लागलेला माणूस — त्याने ऐकणाऱ्यांनाच मालक करून ठेवलं! लग्नात सगळ्या पाहुण्यांचे मोबाईल दारातच काढून घेतले. मंजिरीचे मामा सोडून. मामा म्हणाले, "माझ्या फोनवर फोनच लागत नाही, फोटो कुठला!"

मंजिरीने मात्र समजून घेतलं. म्हणाली, "तुझ्या कामाची गरज आहे ना? मग राहीन मी मागे." संसार झकास सुरू झाला. हिच्या हातची थालीपिठं खाऊन हा असा काही फुलला की तन्मय ओरडायला लागला, "गाल आलेत तुला! विरही माणसाला गाल नसतात!"

एकदा पुण्यात मोठा कार्यक्रम. हा गाण्याआधी घाबरून जेवायचा नाही, म्हणून मंजिरी डबा घेऊन रंगपटात आली. आणि नेमकी तिथे पत्रकार बाई बसलेली! बाईने विचारलं, "या कोण?"

तन्मय पटकन म्हणाला, "या? या त्यांच्या डेंटिस्ट!"

खोटं आहे का? नाही! खरं आहे का? तुम्हीच सांगा! मंजिरीने नवऱ्याकडे बघितलं. एक शब्द, मंडळी, एकच शब्द पुरला असता. सुमेधने काय केलं? डब्याकडे बघितलं. पत्रकार बाई कळवळून म्हणाली, "अगंबाई, दाढ दुखते का?" आणि हा म्हणाला, "हो. थोडीशी."

झालं! दुसऱ्या दिवशी बातमी — 'एकटाच्या सुरातली वेदना दाढेची?' पोरापोरींनी हंबरडा फोडला! कुणी लवंगा पाठवल्या, कुणी लवंगेचं तेल. घराला मसाल्याच्या दुकानाचा वास यायला लागला. हसताय ना? हसा. पण त्या घरात एक बाई हसत नव्हती.

मंजिरीने त्याला खुर्चीवर बसवलं. "तोंड उघड." याने उघडलं. तिने बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाली, "दात ठणठणीत आहेत. जीभ तेवढी काम करत नाही."

"मंजिरी, अगं, तन्मयनेच…"

"तन्मय माझा नवरा नाही. मागे राहायचं मी कबूल केलं होतं, त्याचं मला काही नाही. पण मी समोर डबा घेऊन उभी होते रे! आणि तू मला दुसरीच कुणीतरी होऊ दिलंस. फार लागलं मला ते." बॅग भरली आणि कराडला गेली. वडिलांच्या दवाखान्यात बसायला लागली.

तन्मय खूश! "आता आवाजात खरा दर्द येईल बघ!" सुमेध कपाटात जाऊन बसला. आणि गंमत ऐका, एक ओळ सुचेना! खोट्या विरहाची इतकी गाणी केली, आणि खरी गेली तर तोंडातून शब्द फुटेना. कपाटात तिच्या ओढण्या होत्या. त्यांत तोंड खुपसून तो नुसता रडला. ते मात्र रेकॉर्ड केलं नाही त्याने. तेवढी अक्कल आली होती.

मग कराडलाच कार्यक्रम लागला. मंजिरी जाणार नव्हतीच. पण तिची एक पेशंट होती, रेवती, कॉलेजची पोरगी, दाताला तारा लावलेली, अन् एकटाची कट्टर भक्त! तिने बातमी वाचलेली ना, त्यात डबा घेतलेल्या डेंटिस्टचा फोटोही बघितलेला! "डॉक्टर, तुमच्याच पेशंटचं गाणं आहे, चला ना!" ओढतच घेऊन गेली. दोन गाणी झाली, हॉलमध्ये हुंदके सुरू झाले, आणि ही रेवती उभी राहून ओरडली, "एकटा दादा! तुमच्या डेंटिस्ट आल्यात!"

अख्ख्या हॉलने मागे वळून टाळ्या वाजवल्या. डेंटिस्टसाठी! सुमेधला ती दिसली. पडद्याआडून तन्मय हात हलवतोय — गात राहा, गात राहा! हा खांबासारखा उभा. आणि तेव्हा, मंडळी, मंजिरी उठली. त्याची फजिती तिला बघवेना. एवढं लागलेलं होतं, तरी बघवेना! सगळ्यांना नमस्कार केला आणि म्हणाली, "दाढ आता बरी आहे त्यांची. तुम्ही गाणं ऐका."

ती त्याला सांभाळून घेत होती हो! ज्याने तिला ओळख दाखवली नाही, त्याला! आणि तिथे तो मोडला. माइक धरला आणि म्हणाला, "माझी दाढ कधी दुखलीच नव्हती. मी एकटा नाही. ही माझी बायको आहे."

हॉल गार! तारा लावलेल्या रेवतीचं तोंड उघडं ते उघडंच! त्या शांततेत मागच्या रांगेतून आवाज आला. एक आजी होत्या, नातीबरोबर आलेल्या, इतका वेळ डुलक्या काढत होत्या. त्या म्हणाल्या, "बायको आहे ना? मग नाव घे की!"

आता आली पंचाईत! उखाणा! त्याने इतकी गाणी रचली, पण त्यात एक खरं नाव नव्हतं. शेवटी म्हणाला —

"विरह गाऊन गाऊन सुकला माझा गळा,
मंजिरीचं नाव घेतो, आता हसू द्या की मला!"

यमक लंगडं आहे, कबूल! पण भाव बघा! मंजिरीच्या डोळ्यांत पाणी, ओठांवर हसू. म्हणते काय, "परत म्हण. मागे ऐकू नाही आलं." दुसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज फाटला, पण नाव अगदी स्पष्ट आलं.

पुढे काय झालं? सगळं गोड नाही झालं. बरीच पोरं उठून गेली. एक जण तर दारात रडत उभा होता, "मग आमच्या दुःखाचं काय?" तन्मयने दुसरा दुःखी माणूस शोधला. सुमेध आता छोट्या हॉलमध्ये गातो. पहिलं सुखाचं गाणं इतकं वाईट झालं की मंजिरीच म्हणाली, "तू पंख्याचंच म्हण बाबा!" पण म्हणताना ती पहिल्या रांगेत बसते, आणि तो सगळ्यांना सांगतो ही कोण ते.

आता तुमच्याकडे वळतो. चपला शोधू नका! आपल्या देवस्थानचे अध्यक्ष बाबूराव इथे बसलेत. भला माणूस. मघाशी त्यांनी माझी ओळख करून दिली, तबलजींची करून दिली, मांडववाल्याचं नाव घेऊन आभार मानले. आणि ज्या सकाळपासून एवढ्या मंडळींचा प्रसाद रांधतायत त्यांच्याविषयी काय म्हणाले? "स्वयंपाक आमच्या घरच्यांनी केलाय!" घरच्यांनी! बाबूराव, घराने केला का हो स्वयंपाक? भिंतींनी लाटल्या पोळ्या? बाकीचे हसू नका, तुमचं 'आमची ही' नि 'आमची मंडळी' मला पाठ आहे!

उठा, बाबूराव. उखाणा नको, नुसतं नाव घ्या. देवापुढे कसली लाज? … काय? ऐकू आलं नाही. मोठ्याने! … सुलोचना! वा! ऐकलंत, मंडळी? सुलोचना!

आणि थांबा… तिकडे बघा, स्वयंपाकघराच्या दारात. हाताला कणीक तशीच. घाबऱ्याघुबऱ्या धावत आल्यात, विचारतायत, "काय झालं? मला कुणी नावाने हाक मारली?"

काही नाही झालं, काकू. या, इथे पुढे बसा. पोळ्यांचं बाबूराव बघतील. सरका, काकूंना जागा द्या… हं. आता मिटा डोळे, मंडळी, आणि आता त्या विठ्ठलाला हाक मारू, सगळ्यांनी, मोकळ्या गळ्याने — विठ्ठल! विठ्ठल!