परसातली लवंग

कासारवाडीच्या फलाटावर शकूनं भूगोलाचं पुस्तक उघडलं खरं, पण कान मात्र बाकावरच्या दोघींकडे! भोसरीच्या गोजाबाई दाढ काढायला पुण्याला निघालेल्या, गाल धरून कण्हत होत्या. शेजारच्या, कोकणातून आलेल्या सुभद्राबाईंनी पदराची गाठ सोडली.

"आजी, ही लवंग दाढेखाली धरा."

"दुकानातली लई धरली, बाई. नुसती काडी!"

"ही आमच्या परसातली. नखानं दाबा, तेल सुटतं बघा."

"परसात? मला वाटायचं, मिरचीवानी शेतात येती!"

"छे हो, चांगलं घराएवढं झाड! कळ्या फुलायच्या आत खुडायच्या. आई मात्र एक फांदी फुलायला सोडायची."

गोजाबाईंनी लवंग दाढेखाली धरली. सिग्नल पडला तेव्हा त्यांचा हात गालावरून खाली आला होता.

"आगं बया, ठणका थांबला की! आनखी एक दे वाटंला."

"तीच शेवटची, आजी. आई गेली, मग भावानं झाड तोडलं."

"आन ती मला दिलीस व्हय? येडी का खुळी!"

"आईपण अशीच गाल धरून बसायची."

गाडी आली.

"चल, माझ्याजवळच बस. लवंग चावत न्हाई मी. पुण्यापातूर पुरवती तुझ्या आईचं झाड."