कर्रकर्र वाजणारी पावती

नांदेड-देगलूर एस.टी.त माझ्या पुढच्या सीटवर वजनकाट्याचे व्यंकटराव नव्या प्रिंटरचं खोकं मांडीवर घेऊन बसलेले. शेजारी त्यांची पुतणी दीपाली.

"काका, खोकं फोडू नका. जुना प्रिंटर चालू केलाय म्या."

"तो मेलाय."

"मेला न्हाई. नवं विंडोज त्याला वळखत नव्हतं. म्या काट्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरातलं विंडोज काढून लिनक्स टाकलं. त्यानं प्रिंटरची ती जुनी जाड केबल लगेच वळखली."

"लई शिकलीस! पण पावती कर्रकर्र वाजत निघती का? गुपचूप निघाली की लोक म्हणत्यात, वजनात गडबड हाय."

"तुमचा नवा वाजतो का?"

"न्हाई. तीच तर काळजी हाय."

"मग हे ऐका."

तिनं मोबाईलवर जुन्या प्रिंटरचं रेकॉर्डिंग लावलं. कर्रर्र, कर्रर्र.

मागच्या सीटवरून आवाज आला, "व्यंकटराव, काटा चालू झाला व्हय? मग उद्या माझं सोयाबीन तुमच्याकडंच!"