एकट्याचा प्रोजेक्ट

...अन् सर म्हणतात, प्रोजेक्ट एकट्यानं करायचा! एकट्यानं? अजी, तुम्हाले सांगतो, आमच्या नरखेडकडं चहात साखर किती टाकायची हे बी तिघं मिळून ठरवतात, अन् मी शेवटच्या वर्षाचा कॉम्प्युटरचा प्रोजेक्ट एकट्यानं करू?

आमची विहीर एक, मोटार एक, अन् भाऊ तीन. रुपराव मोठेबाबा, माहा बाप मनोहरराव, अन् ताराचंद काका. तिघाइची संत्र्याची झाडं, तिघाइले पाणी सकाळीच पायजे, काहून का दुपारून लाइट जाते. पाच वर्षांपासून बोलणं बंद! निरोप द्यायचा तर मोटार दुरुस्तीवाल्याच्या हातून... पाण्यावाचून आंबिया बहाराची कोवळी फळं गळून राहिली होती न जी! म्हणलं, कॉलेजात कॉम्प्युटर आला हाय, त्याले लावू द्या पाण्याच्या पाळ्या. तो कोणाचा लेक नाई, कोणाचा पुतण्या नाई.

तवा प्रोग्राम भोकं पाडलेल्या कार्डांवर लिहावा लागे; दोन महिने कार्डं पंच केली. कार्डं आज द्या, छापील कागद उद्या घ्या, एक टिंब चुकलं का परवा या... प्रोजेक्ट बुडाला का वर्ष बुडालं, ही धाकधूक वेगळीच. पण एकट्यानं, बरं का!

शेवटी निघाला कागद. सकाळची पाळी प्रत्येकाले आळीपाळीनं, एकदम न्यायाचं काम. रविवारी गावी नेला, तिन्ही घरी दाखवला. तिघाइनं बी कागद वरून खालपर्यंत पाहून घडी करून परत देला. मले वाटलं, जमलं!

सोमवारी मोठेबाबा कॉलेजात! थैलीभर संत्री घेऊन, कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर जोडे काढून, ऑपरेटर भैयाजीले विचारून राहिले, "मोठे साहेब कधी भेटतील जी? तेच... पाळ्या लावणारे. आमचं सकाळचं तेवढं पाहा म्हणावं." मंगळवारी काका, दोन थैल्या. बुधवारी माहा सख्खा बाप! भैयाजी एसीत बसून संत्री सोलून राहिला, अन् बापानं मलेच धरलं. "काहून गा मुकुंदा, मशीन तू चालवतं, अन् पहिली दुपार माह्याच बोडक्यावर?" म्हणलं, बाबा, ते मी नाई, प्रोग्रामनं केलं. तर म्हणे, "मंग त्याले समजाव न." समजाव न! अन् प्रोजेक्ट मात्र एकट्याचा!

गुरुवारी तर कमालच. तिघंही एकाच बसनं आले, एकाच बाकावर बसून! म्हणे, आमच्या घरच्या पाण्यात परक्या मशीननं काहून बोलावं? अन् तिथंच कॉलेजच्या पायरीवर बसले, दहा मिनिटांत पाळ्या ठरवल्या. अन् पाळ्या कोणत्या, माहीत हाय? माह्या कागदावरच्याच! एक इकडची तिकडं नाई! बापानं काकाले बिडी दिली, पाच वर्षांत पहिल्यांदा... खरं सांगतो, मले रडूच आलं.

मंग तोंडी परीक्षा. बाहेरचे परीक्षक विचारतात, प्रोग्राम वापरात आहे का? म्हणलं, नाई सर. काहून? म्हणलं, सर, भाऊ बोलून राहिले एकमेकांशी, आता त्याची गरज नाई. ते म्हणाले, "मग या स्वतंत्र कामातून तुम्ही शिकलात काय?" म्हणलं, सर, तीन भावाइले एकत्र आणायचं असन, तर त्याइच्यापुढं चौथा कोणी उभा करा, ज्याच्यावर तिघंही चिडतीन. हसले, पास केलं.

तो चौथा कॉम्प्युटर हाय, असं मले वाटत होतं हो... आता गावी गेलो का तिघं एका बाजेवर बसून मलेच शिव्या घालतात, मशीनजवळ चुगली करणारा पोट्टा म्हणून. समोर उभा कोण? मी. एकटा.